प्रीत्यर्थ

आमच्या घरी मागणं म्हणजे नाक कापून घेणं होतं. विरजण संपलं तर आई दोन दिवस ताकावाचून काढायची, पण समोरच्या दारात वाटी घेऊन उभी राहायची नाही. अशा घरातली मी, आणि गेली कितीतरी वर्षं मागण्याचीच नोकरी करते. जमीन आणि पाणी राखण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेसाठी देणग्या गोळा करते. नवरा याला माधुकरी म्हणतो. आई नातेवाइकांना 'समाजसेवा' असं सांगते आणि पटकन विषय बदलते.

संस्था ठाण्यात कोपरीला आहे, एका पोळीभाजी केंद्राच्या वरच्या दोन खोल्यांत. काम मात्र मुरबाड-शहापूरकडच्या गावांत चालतं. तळ्यांतला गाळ काढायचा, पडलेल्या विहिरी बांधून काढायच्या, ओढ्यावर लहान बंधारे घालायचे, गायरानं कोणी गिळू नये म्हणून भांडायचं. हे सगळं इतर लोक करतात आणि चांगलं करतात. मी खालून येणाऱ्या पोळ्यांच्या वासात बसून फोन करते. आमचे विश्वस्त उंटावरून शेळ्या हाकतात. दर बैठकीत म्हणतात, पुढच्या वर्षी दुप्पट तळी घेऊ या. मी म्हणते, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ते हसतात आणि पुढचा विषय घेतात.

या धंद्यातली एक गोष्ट मी पहिल्या वर्षीच शिकले. गाळासाठी कोणी पैसे देत नाही, पाटीसाठी देतात. आणि पाटी असते गेलेल्या माणसाच्या नावाची. जिवंत माणसं स्वतःच्या हौसेनं विहीर बांधत नाहीत. वडील गेले, आई गेली, की घरात एक पोकळी होते आणि ती कशानं तरी भरावीशी वाटते. त्या वेळी मी तिथे असावं लागतं. चौदाव्याच्या आधी फोन करायचा नाही, ते वाईट दिसतं. वर्षश्राद्ध उलटू द्यायचं नाही, कारण तोवर घराला रंग लागलेला असतो आणि फोटो हॉलमधून आतल्या खोलीत गेलेला असतो. मी गुरुजींपेक्षा जास्त सुतकी घरं पाहिली असतील. डोंबिवलीतल्या एकदोन सोसायट्यांचे वॉचमन तर मला बघून आधी विचारतात, कोण गेलं? मला त्याचं हसू येतं, आणि घरी आल्यावर येत नाही.

बाईंची ओळख झाली ती एका पत्रकामुळे. त्या वर्षीच्या पत्रकावर मी लिहिलं होतं, 'आपल्या प्रियजनांच्या पुण्यतिथीप्रीत्यर्थ एक विहीर जिवंत करा.' वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. पत्रकं वाटली त्याच आठवड्यात ऑफिसात फोन आला. बाईचा आवाज, म्हातारा पण खणखणीत.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी," मी म्हटलं. मला वाटलं, देणगी येते आहे.

"शाळा कुठली तुमची?"

मी शाळा सांगितली.

"तरीच," त्या म्हणाल्या. "पुण्यतिथीवर कोणाची प्रीती असते, बाळ? प्रीत्यर्थ म्हणजे प्रेमाखातर. जे आहे, त्याच्यासाठी. वाढदिवसाप्रीत्यर्थ लिहिलंत तर मी चालवून घेईन. पुण्यतिथीच्या पुढे 'निमित्त' लिहायचं. आणि गेलेल्या माणसासाठी 'स्मरणार्थ'. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून तर दोन शब्द आहेत."

मला राग आला. पत्रकांचे गठ्ठे छापून आले होते आणि ही कोण बाई मला बाळ म्हणून कान उपटते! पण तोवर माझं मलाच ते वाक्य वाचवेना. पुढच्या पत्रकाचा मजकूर छापायच्या आधी मी पत्ता मिळवून मुद्दाम त्यांच्या घरी पोहोचवला. आता काढा म्हटलं चुका. दोन दिवसांत तो परत आला, लाल शाईनं भरून. शेवटी लिहिलं होतं, 'अक्षर सुधारा.' मजकूर मी कॉम्प्युटरवर टाइप केलेला होता, अक्षर म्हणजे फक्त माझी सही. इथून आमचं जमलं.

त्या मराठीच्या निवृत्त शिक्षिका. डोंबिवलीच्या एका शाळेत आयुष्य गेलं, त्यामुळे निम्मं गाव त्यांना बाई म्हणायचं. मीही म्हणू लागले. राहायच्या डोंबिवली पूर्वेला, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. ती बिल्डिंग आता नाही. त्या जागी पत्र्यांचं कुंपण आहे आणि आत खड्डा आहे. पण तेव्हा जिना चढून गेलं की दार लोटलेलंच असायचं. रात्रीसुद्धा त्या आतून कडी घालत नसत, नुसतं लॅच. मी एकदा रागावले, बाई, दिवस कसले आहेत, एकट्या राहता, कडी घालत जा. तर म्हणाल्या, "लॅचची किल्ली त्याच्याकडे आहे ना. आतून कडी असली तर तो कसा आत येईल?"

तो म्हणजे त्यांचा मुलगा. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा एकुलता एक. त्याच्याबद्दल त्या अधूनमधून सहज बोलायच्या. तो उशिरा उठतो. चहात साखर जास्त घेतो. एकदा मी म्हटलं, बाई, मी भरली कारली छान करते, पुढच्या वेळी आणते. त्यांचे डोळे चमकले. कारलं त्यांना फार आवडायचं. मग लगेच म्हणाल्या, "नको गं. त्याला कारलं आवडत नाही. घरात नुसता वास आला तरी पानावरून उठतो. म्हणून मी करतच नाही."

मला वाटलं, मुलगा अमेरिकेत असेल, सुट्टीत येत असेल. डोंबिवलीत वयस्कर माणसांच्या घरात मुलगा दिसला नाही की तो अमेरिकेत आहे असं धरूनच चालायचं असतं. एकदा विचारलंही, कुठे असतो सध्या? बाई कपबशी पुसत होत्या. "माहीत नाही," म्हणाल्या आणि कपबशी फळीवर ठेवली. काहीतरी बिनसलेलं दिसतंय, असं समजून मी पत्रकाचा विषय काढला.

खरं काय ते जिन्यात कळलं. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका शेजारणीनं मला उतरताना थांबवलं. हातात दुधाची पिशवी, चेहरा त्रासलेला.

"तुम्ही बाईंकडे येता ना? मग जरा समजवा ना त्यांना. सगळी बिल्डिंग सह्या करून बसलीय, बिल्डर रेडी आहे, फक्त ह्यांची एक सही अडलीय. काय तर म्हणे, तो आला तर कोणत्या पत्त्यावर येणार?"

"कोण तो? मुलगा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला माहीतच नाही? अहो, इंटरव्ह्यू आहे म्हणून ठाण्याला गेलेला सकाळचा, तो गेलेलाच. फोन बंद. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, ज्योतिषी झाले. काही म्हणजे काही नाही. बारा वर्षं उलटून गेली त्याला. बाईंचे दीर गुरुजींना घेऊन आलेले मधे. दर्भाचा पुतळा करून क्रिया करतात ना बेपत्ता माणसाची, तसं करायला. बाईंनी दोघांना चहा दिला आणि दार दाखवलं." मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आंघोळ करून मोकळं व्हायचं ना हो एकदाचं. किती दिवस असं लटकत राहायचं?"

आपल्याकडे कोणी गेल्याचं कळलं की त्याच्या नावानं आंघोळ करतात. बातमी गावाहून येवो की परदेशातून, बाईमाणूस आधी उठून डोक्यावरून पाणी घेतं. ते पाणी अंगावर पडलं की माणूस गेला. नातं तोडताना लोक रागानंही म्हणतात, त्याच्या नावानं मी आंघोळ केली. बाईंनी ती केली नव्हती. इतकी वर्षं रोजची आंघोळ करत होत्या आणि ती एक करत नव्हत्या.

मी तिथेच पायरीवर बसले. रडू आलं. त्या दुधाच्या पिशवीवाल्या बाईचा रागही आला, पण ती काही वाईट नव्हती. तिचे गुडघे दुखत होते आणि तिला लिफ्ट हवी होती.

त्यानंतरही मी जात राहिले. मला कळलंय हे मी बोलले नाही. बाईंनाही कळलं असणार की मला कळलंय, पण त्याही बोलल्या नाहीत. फक्त मला तोंड फार सांभाळावं लागायचं. 'होता' हा शब्द त्या घरात येऊ द्यायचा नाही. तो असतो, तो जातो, तो खातो. मराठी व्याकरण इतकं जपून मी शाळेतसुद्धा वापरलं नव्हतं.

मग एका संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवताना बाईंनी विचारलं, "तुमची संस्था मुरबाडच्या पुढे काम करते ना? तिथे एक विहीर होती. आहे का बघशील?"

त्यांची पहिली नेमणूक तिकडच्या एका गावातली, जिल्हा परिषदेच्या शाळेवर. यजमान इकडे नोकरीला, आणि त्या तान्ह्या मुलाला घेऊन तिकडे एका खोलीत. शाळेच्या मागे विहीर. सकाळी उठून पाणी ओढायचं, तापवायचं आणि मुलाला पायांवर घेऊन आंघोळ घालायची. "त्याच्या पहिल्या वर्षीच्या सगळ्या आंघोळी त्या विहिरीच्या पाण्याच्या," बाई म्हणाल्या. "पाणी इतकं गोड की हा तोंड उघडून प्यायचा. मी पाठीत धपाटा घालायची. पहिलं पाऊलही त्यानं विहिरीच्या कठड्याला धरूनच टाकलं."

विहीर होती, म्हणजे विहिरीची जागा होती. एक बाजू ढासळलेली, आत झुडपं उगवलेली, तळाला गाळ आणि गावभरचा प्लास्टिक कचरा. बायका लांबच्या बोअरवरून पाणी आणायच्या. आमच्या इंजिनिअरनं पाहून सांगितलं की झरे मेलेले नाहीत, नुसते बुजलेत. मी बाईंना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "मी देते."

देणार होत्या त्या पाटल्या. होणाऱ्या सुनेसाठी केलेल्या, मुलगा कॉलेजात असल्यापासून कपाटात ठेवलेल्या. देणगीला नाही म्हणायचं नसतं, पण मी म्हटलं. बाई, त्या राहू द्या, आपण दुसरं काहीतरी बघू, चार माणसांकडून थोडं थोडं घेऊ.

"तू मागणारी आहेस की नको म्हणणारी?" त्या म्हणाल्या. "पाटल्या काय कपाटात पडून आहेत. सून आली की तिला विहीर दाखवीन. म्हणेन, ही घे, ही तुझी."

मग त्यांनी पाटीचा मजकूर स्वतः लिहून दिला. मुलाचं नाव, त्याच्या आधी 'चि.', आणि नावापुढे 'याच्या प्रीत्यर्थ'. कागद माझ्यासमोर सरकवून म्हणाल्या, "इथे बरोबर बसतो बघ हा शब्द."

मी तो कागद पर्समध्ये ठेवला तेव्हा मला भीती वाटली, आणि ती कशाची ते नीट कळत होतं. इतकी वर्षं मी गेलेल्यांच्या नावावर विहिरी बांधत आले होते. पहिल्यांदाच जिवंत माणसाच्या नावाची पाटी माझ्या हातून लागणार होती, आणि तो जिवंत आहे हे सांगणारी जगात एकच व्यक्ती उरली होती. बैठकीत एका विश्वस्तांनी विचारलंच, प्रीत्यर्थ म्हणजे वाढदिवस आहे का कोणाचा? मी हो म्हणून टाकलं.

उन्हाळ्यात काम झालं. बाई दर रविवारी फोन करून एवढंच विचारायच्या, "पाणी लागलं का?" मे महिन्यात एका दुपारी कपारीतून झरा सुटला. इंजिनिअरनं व्हिडिओ पाठवला. काळ्या दगडावरून करंगळीएवढी धार येत होती आणि मागे बायका ओरडत होत्या. मी तो बाईंना दाखवायला गेले. त्यांनी पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "तो आला की दाखवू." मी हो म्हटलं. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मला वाटलं, मीही वाट बघायला लागले आहे. आणि खरंच लागले होते. ठाण्याला उतरल्यावर त्या वयाचा कोणी पुलावर दिसला की मी चेहरा बघायची. मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

पाट्या आम्ही शहाडला एका कारागिराकडून करून घेतो. तो काळ्या ग्रॅनाइटवर अक्षरं कोरून सोनेरी रंग भरतो, हात चांगला आहे. मी त्याला बाईंचा कागदच नेऊन दिला होता. त्यानं कच्चं अक्षर काढून फोनवर पाठवलं, मी तपासून बरोबर म्हणून कळवलं. पाटी तयार झाल्यावर ती गोणपाटात बांधून सिमेंटच्या टेम्पोतून थेट गावाला गेली, आणि गवंड्यानं ती विहिरीच्या कठड्यावर बसवून वर लाल कापड टाकलं.

कार्यक्रम मार्गशीर्षात ठेवला, विहीर भरलेली असताना. मी बाईंना गाडीतून घेऊन गेले. जरीकाठाची निळी साडी, केसात अबोलीची वेणी. वाटेत त्या मुलीसारख्या बोलत होत्या. इथे एस.टी. थांबायची, इथे करवंदं मिळायची, या चढावर याला नेमकी भूक लागायची. गावात शाळेच्या मागे मांडव घातला होता. सरपंच होते, आमचे एक विश्वस्त होते, बायका कळशा घेऊन उभ्या होत्या. बाईंना ओळखणारी एक म्हातारी निघाली, शाळेतल्या रात्रीच्या प्रौढ वर्गात त्यांच्या हाताखाली शिकलेली. तिनं पाया पडल्यावर बाईंनी तिला विचारलं, "पाढे येतात का अजून?" सगळे हसले. मला त्या दिवशी सकाळी किती बरं वाटत होतं, ते आठवलं की आता जास्त वाईट वाटतं.

विश्वस्तांनी भाषण सुरू केलं. मधेच नारळ फुटला आणि सरपंचांनी कापड ओढलं. टाळ्या झाल्या.

मी बाईंच्या मागे उभी होते, त्यांच्या खांद्यावरून वाचलं. 'कै.' मग नाव. आणि नावाच्या खाली मोठ्या सुबक अक्षरांत, 'यांच्या स्मरणार्थ'.

आधी मला कळेचना की मी काय वाचते आहे. मी तिथूनच शहाडला फोन लावला, मांडवाच्या कडेला जाऊन. कारागीर बिचारा गोंधळला.

"मॅडम, तुमच्या सगळ्या पाट्या स्मरणार्थच असतात ना. ड्रॉइंग बरोबर काढलं मी, पण कोरायला बसलो तर वाटलं, मॅडमनी घाईत चुकून लिहिलंय. चि. आणि विहीर, असं कधी येत नाही आपल्याकडे. म्हटलं आपणच सुधारून टाकू, नंतर उगाच दगड वाया जाईल."

त्याला काय बोलायचं? इतक्या पाट्या मीच त्याला दिल्या होत्या.

परत आले तेव्हा टाळ्या थांबल्या होत्या. बाई पाटीसमोर वाकून उभ्या होत्या. एक बोट अक्षरांवरून सावकाश फिरवत होत्या, वही तपासताना फिरवावं तसं.

"बाई," मी म्हटलं, "चूक झाली. त्यांची चूक आहे. मी आत्ता काढायला लावते. कापड टाका रे त्याच्यावर! गवंडी कुठे आहे?"

"ओरडू नकोस," बाई म्हणाल्या. बोट अजून दगडावरच होतं. "शुद्धलेखन बरोबर आहे. रफार जागेवर आहे."

"बाई, चला, आपण गाडीत बसू."

त्या सरळ झाल्या. माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

"आत्तापर्यंत सगळे नुसते बोलत होते गं," त्या म्हणाल्या. "दीर बोलले, शेजारी बोलले. बोललेलं मी मनातल्या मनात खोडत होते. हे कोणीतरी लिहिलंय. दगडावर लिहिलंय. हे मी कसं खोडू?"

मी खाली पडलेलं लाल कापड उचललं.

बाईंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मग हातातलं घड्याळ. खांद्यावरची शाल काढून तीही माझ्या हातावर ठेवली. विहिरीशी उभ्या असलेल्या एका बाईला म्हणाल्या, "एक बादली काढून दे मला."

तिला वाटलं, पूजेला हवंय. तिनं दोर सोडला, भरलेली बादली वर ओढली आणि काठावर ठेवली. बाई खाली बसल्या, त्या ओल्या दगडावर, जरीकाठाच्या साडीनिशी. दोन्ही हातांनी बादली उचलली आणि डोक्यावर ओतली.

थंडीचे दिवस. मी पुढे धावले. विश्वस्तही म्हणाले, अहो, हे काय, आजारी पडतील त्या. तेवढ्यात ती पाढेवाली म्हातारी आडवी आली आणि तिनं माझा हात धरला.

"थांब गो पोरी," ती म्हणाली. "करू दे तिला. पोराच्या नावानी करते ती."

मग गावातल्या बायका बाईंच्या भोवती पाठ करून उभ्या राहिल्या, पुरुषांना दिसू नये म्हणून. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. दुसरी बादली आली. बाई थरथरत होत्या, वेणीतली अबोली सुटून दगडावर पसरली होती. तिसऱ्या वेळी हात उचलेना, तेव्हा म्हातारीनंच तांब्यानं पाणी घातलं, अगदी सावकाश, लहान मुलाला घालतात तसं, कपाळावर आडवा हात धरून. मी बाईंचा चष्मा घट्ट धरून उभी होते आणि हमसून रडत होते. बाई रडल्या नाहीत. पाणी तोंडावरून ओघळत होतं तेव्हा त्यांनी ओठ किंचित उघडले, एवढंच मी पाहिलं.

मांडवातले चहा-पोहे तसेच राहिले. म्हातारीनं बाईंना घरी नेऊन आपलं धुतलेलं सुती लुगडं नेसवलं. पाटी काढायचं मी पुन्हा एकदा विचारलं. बाईंनी नको अशी मान हलवली.

येताना त्या मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या, केस अजून ओले. पिशवीत पिळलेली निळी साडी. कल्याण आलं, बाजाराजवळ गाडी अडकली. दुपार कलत होती आणि रस्त्याच्या कडेला भाजीच्या गाड्या लागल्या होत्या. बाईंनी डोळे उघडले, बाहेर पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबव."

मी त्यांना धरून उतरवलं. त्या एका गाडीपाशी गेल्या. कारली होती, हिरवीगार, लहान लहान. त्यांनी एक उचलून नखानं दाबून पाहिलं.

"घ्या मावशी, ताजी आहेत," भाजीवाला म्हणाला. "अर्धा किलो देऊ? घरात सगळ्यांना होतील."

"नको रे," बाई म्हणाल्या. "एकटीपुरती दे. मुलाला आवडायची नाहीत."

भाजीवाल्यानं चार कारली तराजूत टाकली. मी पिशवी उघडून धरली.